बॉल पायथन खात नाही, हीट मॅट असूनही

टोरांटोच्या हिवाळ्यात आमचा बॉल पायथन (पाळीव अजगर) उंदराकडे ढुंकूनही बघेना, पेटीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) असूनही. काचपेटीवर चिकटवलेला काटेवाला थर्मामीटर खुशाल ३० अंश सेल्सिअस दाखवायचा, पण तळ किती तापलाय ते त्यातून कळत नव्हतं. उबेसाठी वर दिवा लावला, तर हवा पार कोरडी. वैताग आला होता.

लागू पडलं ते असं: मॅट पेटीच्या एकाच टोकाला, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली. थर्मोस्टॅटचा (मॅटची उष्णता आवरणाऱ्या यंत्राचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, बाहेरून, मॅट आणि काचेच्या मधे (आत टेप नकोच, खवल्यांना चिकटते). मग मॅटवरच्या भुशाचा थर बोटभरच ठेवला, मोजताना तो बाजूला सारला आणि इन्फ्रारेड गनने (दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्राने) तळाची काच मोजत थर्मोस्टॅट हळूहळू वाढवला. काच ३२ अंशांवर स्थिरावली तेव्हा थांबलो. थंड टोक २६. दोन्हीकडे अंगासरशी बसेल अशी लपायला एकेक ढोली. आठवडाभर हात लावला नाही, मग उंदीर दिला. लगेच गिळला.