गालातल्या पेशी स्लाइडवर बघायच्या कशा, आणि त्यावरून अभिस्तर ओळखायचा कसा

प्रॅक्टिकल जवळ आलं की पोट्टे विचारतात, "सर, अभिस्तर ऊतीचे एवढे प्रकार पाठ कसे करायचे जी?" अभिस्तर म्हणजे शरीराला आणि अवयवांना आतून-बाहेरून झाकणारं पेशींचं अस्तर. त्याचे प्रकार पाठ करूच नका. आधी स्वतःच्या गालातल्या पेशी बघा. नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत मी सुरुवात तिथूनच करून देतो.

चूळ नीट भरा. तर्री पोहे खाऊन सरळ प्रयोगशाळेत आलेल्याच्या स्लाइडवर पेशी कमी आणि पोह्याचे कणच जास्त दिसतात. मग टूथपिकच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडा. रक्त येता कामा नये. आलंच, तर तुम्ही अभिस्तर ओलांडून खाली गेलात असं समजा, कारण या ऊतीत रक्तवाहिन्या नसतातच. तिचं पोषण खालच्या संयोजी ऊतीतून, मधल्या पातळ आधार-पटलातून झिरपत वर येतं.

स्लाइडवर ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब घ्या. साध्या पाण्यात पेशी फुगतात. त्यात खरवड मिसळा, मिथिलिन ब्लूचा एक थेंब टाका आणि एक-दोन मिनिटं थांबा. कव्हरस्लिप तिरपी टेकवून सुईने हळूहळू खाली सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. दरवर्षी कोणीतरी त्या बुडबुड्याचीच सुबक आकृती काढून आणतो. जास्तीचा रंग ब्लॉटिंग पेपरने टिपा. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवा. कुरकुर होते, पण आपल्याकडच्या कोरड्या हवेत थेंब बघता बघता सुकतो. टूथपिक ज्याची त्याने, एकदाच वापरायची. काम झालं की स्लाइड ब्लीचच्या पाण्यात टाका.

आधी १० पटीचं भिंग लावा आणि डायफ्रॅम, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, थोडा बंद करा. फिक्या निळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी आणि मध्ये गडद केंद्रक दिसेल. एखाद्या पेशीची कड पोळीसारखी दुमडलेली दिसली तर तिथे थांबा: इतकी पातळ आहे म्हणूनच ती दुमडते. हीच पट्टकी, म्हणजे चपटी पेशी. आजूबाजूचे बारीक ठिपके बहुतेक जिवाणूंचे असतात, घाबरू नका.

आता या पेशी इतक्या सहज निघाल्या काहून? गालाचा अभिस्तर स्तरित, म्हणजे थरावर थर असलेला असतो. तळच्या पेशी आधार-पटलाला घट्ट धरून विभाजत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि सगळ्यात वरच्या झडतात. घास घासून गेला तरी नुकसान वरच्या थराचंच. त्वचाही स्तरितच, पण तिच्या वरच्या पेशी मेलेल्या, केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या असतात. पटत नसेल तर हातावर चिकटपट्टी लावून काढा, तिच्यावरच्या खपल्या त्याच रंगात बघा. केंद्रक सापडणार नाही.

इथून पुढे प्रत्येक अवयवाला काम विचारायचं. वायूंची देवाणघेवाण करायची तर भिंत पातळच हवी, म्हणून फुप्फुसातल्या वायुकोशांत चपट्या पेशींचा एकच थर. शोषण किंवा स्रवण करायचं तर पेशीला अंग हवं: वृक्कनलिकेत (मूत्रपिंडातल्या नळीत) घनाभ, म्हणजे ठोकळ्यासारखी, लहान आतड्यात स्तंभीय, म्हणजे खांबासारखी उंच, आणि या स्तंभीय पेशीच्या वरच्या टोकाला शोषणाचं क्षेत्रफळ वाढवणारे सूक्ष्मांकुर. मूत्राशयाला ताणावं लागतं, तिथला अभिस्तर भरल्यावर पातळ आणि रिकामा असताना जाड दिसतो.

व्हायवात फसवणारी स्लाइड श्वासनलिकेची. केंद्रकं वरखाली असल्याने थर अनेक वाटतात, पण प्रत्येक पेशी आधार-पटलाला टेकलेली असते. थर एकच. थर मोजताना केंद्रकांच्या रांगा मोजू नका, तळ बघा. वरचे रोमक, म्हणजे पेशींवरचे हलणारे बारीक केसासारखे धागे, धूळ चिकटलेला श्लेष्मा (चिकट स्राव) घशाकडे ढकलतात. रस्ते खोदलेल्या वस्तीतून येणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्याचा नमुना मी घेऊ देत नाही, आधी त्याला बाजूला घेतो. सुपारीमुळे गालाच्या अभिस्तराखाली तंतू साचत जातात, वरचा थर पातळ होतो, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. अकरावीतल्या पोराला तोंडात तीन बोटं उभी घालायला सांगतो. जात नसतील तर जर्नल राहू दे, आधी दंतवैद्याकडे.

बाकीच्यांनी आकृती पेन्सिलीने काढा, चार-पाच पेशीच पुरेत, छायांकन नको, आणि किती पट मोठं दिसलं ते खाली लिहा.