विद्यार्थ्यांची चर्चासत्रे : या चुका टाळा

‘नीती, सत्ता आणि समाज’ असा विषय फलकावर लिहिला की चर्चा निम्मी तिथेच संपते, कारण या तिन्ही शब्दांवर प्रत्येकाजवळ भाषण तयार असते आणि ते भाषण कोणालाच अडचणीत आणत नाही. कोल्हापुरातील महाविद्यालयांत ही चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्याऐवजी कोणीतरी प्रत्यक्ष घेतलेला एकच निर्णय चर्चेला ठेवावा.

शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम घ्या. करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना द्याव्यात असे त्यात सांगितले आहे. शिवाय झालेल्या नेमणुकांचा तपशील खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी सादर करावा, असेही बजावले आहे. जयंतीच्या भाषणांत ५० टक्क्यांचा उल्लेख हमखास येतो, तिमाही तपशिलाचा मात्र क्वचितच. माझ्या मते सत्तेचे खरे धडे त्या दुसऱ्या कलमात आहेत, कारण राजाची सही झाली तरी खालचे अधिकारी हुकूम बाजूला सारू शकतात, हे ते लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक होते. हुकूम न्याय्य होता हे सर्वांनी मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो : एका राजाने कोणाला न विचारता दिलेला न्याय आणि लोकांनी निवडलेल्या सभागृहाने नाकारलेला न्याय, यांपैकी आपण काय पत्करू? इथे विद्यार्थी खरोखर अडखळतात आणि मग बोलू लागतात.

दुसरी चूक सत्काराची. एका महाविद्यालयात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि त्यांचे लांबलेले मार्गदर्शन आटोपेपर्यंत संध्याकाळ झाली. माझ्या शेजारच्या विद्यार्थिनीने वहीच्या पानावर तीन प्रश्न लिहून आणले होते; तिने ते पान घडी करून पर्समध्ये ठेवले आणि गगनबावड्याची एसटी गाठायला ती उठून गेली. सूत्रसंचालकाने ‘आता खुली चर्चा’ असे जाहीर केले, तेव्हा समोर उरले होते ते बहुतेक प्राध्यापक. माझ्याकडे पाहुण्यांना पहिली पाच मिनिटे मिळतात, खुर्च्या गोलात असतात आणि शिक्षक सर्वांच्या शेवटी बोलतात. स्वागताला शाल नसल्यामुळे आजवर कोणी रुसलेले नाही.

मोबाइलवरून आयते मुद्दे उतरवून आणणाऱ्यांना मी थांबवतो आणि चर्चेला ठेवलेल्या निर्णयाचा समोरचा कागद वाचायला लावतो. दहा मिनिटांचे मूक वाचन कंटाळवाणे वाटते म्हणून ते वगळू नये. शेवटी हात वर करून मतदान घेऊ नये. बाजू वाटून देऊ नयेत, त्यासाठी वादविवाद स्पर्धा आहेतच. पहिल्याच महिन्यात सभागृह आणि ध्वनिक्षेपक मागणाऱ्या उत्साही मुलांना मी वर्गखोलीच देतो, कारण वीस जणांत एकमेकांचे ऐकण्याची सवय लागल्याशिवाय दोनशे जणांसमोर ती लागत नाही.