फ्रेंच बेकरीत क्रोसाँ कसा निवडावा आणि कसा खावा

फ्रान्समधल्या बेकरीत पहिल्यांदा शिरलं की काचेमागचा थाट बघून गांगरायला होतं. मागे रांग, समोर विक्रेती 'काय देऊ?' अशा नजरेने बघतेय. मग आपण घाईघाईत बोट दाखवून सर्वांत जास्त क्रीम थापलेलं काहीतरी घेतो आणि दिवसभर 'फार गोडमिट्ट होतं बुवा' म्हणत राहतो. माझं मत ठाम आहे: पहिल्या दिवशी फक्त लोण्याचा साधा क्रोसाँ, म्हणजे पापुद्र्यांचा हलका पाव, घ्यावा. चॉकलेट, बदाम, क्रीम यांच्याखाली बरंच काही झाकलं जातं. साध्या क्रोसाँत मैदा, लोणी, दूध किंवा पाणी, यीस्ट, साखर आणि मीठ एवढाच ऐवज, त्यामुळे करणाऱ्याचा हात लगेच कळतो.

सकाळी जा

क्रोसाँ हा सकाळचा पदार्थ आहे. बेकऱ्या साधारण सात-साडेसातला उघडतात आणि दहाच्या आत गेलात तर माल ताजा मिळतो. दुपारपर्यंत आतला ओलावा बाहेरच्या पापुद्र्यात झिरपतो आणि कुरकुरीतपणा जातो. आठवड्यातून एखादा दिवस बेकरी बंद असते, बऱ्याच ठिकाणी सोमवारी, आणि ऑगस्टमध्ये तर पॅरिसमधल्या कितीतरी बेकऱ्या सुट्टीवर जातात. रविवारी सकाळी मात्र लवकर जा, कारण त्या दिवशी घरोघरी क्रोसाँ नेतात.

पाटी आणि चिठ्ठी वाचा

दारावर 'बुलांजरी', म्हणजे पावाची बेकरी, अशी पाटी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. फ्रान्समध्ये १९९८ पासून कायदा आहे, की ज्या दुकानात पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं तिथेच होतं त्यालाच हे नाव लावता येतं. पण हा नियम पावाचा! क्रोसाँ कारखान्यातून गोठवलेला आणून तिथे नुसता भाजला तरी पाटी खाली उतरत नाही. त्यामुळे सगळे क्रोसाँ एकाच साच्यातून काढल्यासारखे तंतोतंत सारखे दिसले, तर थोडा संशय घ्यायला हरकत नाही. सरळ विचारलंत तरी चालतं: 'फे मेझों?', म्हणजे इथेच केलेला का?

मग किमतीची चिठ्ठी बघा. 'क्रोसाँ ओ बर' लिहिलं असेल तर तो लोण्याचा. नुसतं 'क्रोसाँ' किंवा 'ऑर्दिनेर' असेल तर बहुधा मार्गारीनचा, म्हणजे वनस्पती तेलाच्या नकली लोण्याचा. लोण्याचा सरळ आणि मार्गारीनचा चंद्रकोरीसारखा वळलेला, असा एक जुना संकेत आहे, पण तो कायदा नव्हे, तेव्हा आकारावर विसंबू नका. दोघांच्या किमतीत फार फरक नसतो. मार्गारीनचा खाल्ला की टाळूला मेणासारखा थर चिकटून राहतो. लोणी तोंडात विरघळून जातं.

घेण्याआधी नीट बघा

रंग गडद तपकिरी हवा. फिकट पिवळा क्रोसाँ म्हणजे भट्टीतून लवकर काढलेला, आतून कच्चट. तुम्हाला खरपूस हवा असेल तर 'ब्यॅं क्वी' म्हणा, विक्रेती त्यातल्या त्यात जास्त भाजलेला काढून देते. पृष्ठभागावर पदरांच्या कडा पायऱ्यांसारख्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने तो हलका लागला पाहिजे.

हे सगळं घडतं कसं तेही बघण्यासारखं आहे. यीस्ट घातलेल्या पिठाच्या लाटीत थंड लोण्याची चपटी वडी गुंडाळतात, लाटतात, तीन पदरी घडी घालतात, थंड करायला ठेवतात. हे तीनदा केलं की लोण्याचे २७ थर होतात. भट्टीत गेल्यावर लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर उचलते. यासाठी नेहमीचं ८२ टक्के स्निग्धांशाचं लोणी जरा मऊ पडतं, म्हणून बेकरीवाले ८४ टक्क्यांचं कोरडं लोणी घेतात; शारांत-पोआतू भागातल्या लोण्याचं नाव त्यात मोठं. गोची होते ती फुगवताना. खोली तापली की लोणी वितळून पिठात मुरतं, थर एकमेकांत मिसळतात आणि शेवटी उरतो तो क्रोसाँच्या आकाराचा पाव. कागदी पिशवीच्या तळाशी तेलाचा मोठा डाग पडला आणि आतलं जाळं गच्च निघालं, की समजा लोणी आधीच पळालं होतं.

तंत्र म्हणाल तर आपल्या खारीचंच. पण खारी आतपर्यंत वाळवून कुरकुरीत करतात. इथे बाहेर चुरा होणारं कवच आणि आत ओलसर, लवचीक जाळी, असे दोन्ही हवेत.

खाताना

दुकानात शिरल्यावर आधी 'बाँजूर', मग मागणी: 'अँ क्रोसाँ ओ बर, सिल व्हू प्ले'. 'बाँजूर' न म्हणता थेट मागितलंत तर उद्धट समजतात, आणि मग पुढचा सगळा व्यवहार रुक्ष होतो.

भट्टीतून नुकताच आलेला असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. कढत क्रोसाँ आतून चिकट असतो आणि लोण्याची चव नीट येत नाही. काटा-सुरी नको. टोक मोडून सुरुवात करा, तो सर्वांत कुरकुरीत भाग. मग मधला भाग दोन्ही हातांनी ओढून उघडा. चांगल्या क्रोसाँत कवच तडकतं, पापुद्रे उडतात आणि आतला गर लांबट धाग्यांसारखा ताणत ताणत सुटतो. वास घ्या: लोण्याचा, आणि त्यामागे आंबवलेल्या पिठाचा किंचित आंबटपणा. काळा शर्ट घातला असेल तर पापुद्रे दिवसभर सोबत राहतील, हे आधीच सांगून ठेवतो.

जॅम पहिल्या क्रोसाँला लावू नका. कॉफीत बुडवायचा का? खुशाल. फ्रेंच लोक घरी मोठ्या वाडग्यातल्या दूध घातलेल्या कॉफीत बुडवून खातात. चहात खारी बुडवणाऱ्यांना हे शिकवायची गरज नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाकीचे

क्रोसाँचं सगळं कूळ फ्रान्समध्ये 'व्हियेनवाझरी' म्हणून ओळखलं जातं, कारण मूळ व्हिएन्नाचं. १८३० च्या दशकाच्या अखेरीस आउगुस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसच्या रिशल्यू रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तिथली चंद्रकोर पॅरिसकरांना आवडली. पदरांचा आजचा क्रोसाँ नंतरचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेल्या वेढ्यात क्रोसाँ जन्मला, किंवा राणी मारी आंत्वानेतने तो फ्रान्समध्ये आणला, अशा ज्या गोष्टी सांगतात, त्यांना त्या काळातला पुरावा नाही.

'पॅं ओ शोकोला' म्हणजे त्याच पिठात चॉकलेटच्या दोन कांड्या. तूलूझ किंवा बोर्दोकडे असाल तर 'शोकोलातीन' म्हणा, तिथे यावरून लोक खरोखर वाद घालतात. 'पॅं ओ रेझॅं' गोगलगायीसारखा गुंडाळलेला, आत कस्टर्ड आणि मनुका. माझ्या मते क्रोसाँनंतर बेकरीची दुसरी परीक्षा हीच, कारण तो बहुतेक ठिकाणी कोरडा पडतो.

बदामी क्रोसाँ हा कालच्या उरलेल्या क्रोसाँचा पुनर्जन्म: पाकात भिजवून, बदामाचं सारण भरून पुन्हा भाजलेला. म्हणून तो दुपारी उशिरा घेतला तरी काही बिघडत नाही. मात्र एक दोघांत खा, भारी जड असतो. फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनीत गेलात तर द्वार्नने गावचा 'क्वीन्यामान' चुकवू नका. पावाचं पीठ, खारट लोणी आणि साखर, बाहेरून साखर करपण्याच्या बेतात आलेली. मोठा असेल तर चौघांत घ्या. जानेवारीत बदामी सारणाची गोल 'गालेत दे रुआ' सगळीकडे दिसते. तिच्यात चिनी मातीची छोटी बाहुली लपवलेली असते, तेव्हा दातांना सांभाळून.

एक्लेर (क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री), मिलफय (पापुद्र्यांचे थर आणि मध्ये क्रीम), फळांचे टार्ट हे दुसरं घराणं, 'पातिसरी'. ते न्याहारीचे नव्हेत, जेवणानंतरचे किंवा चार वाजताचे. सायकलशर्यतीच्या सन्मानार्थ १९१० मध्ये चाकाच्या आकारात केलेला 'पारी-ब्रेस्त' घेतलात तर त्याच दिवशी संपवा. आतलं प्रालीनचं, म्हणजे साखरेत परतलेल्या बदाम-हेझलनटच्या वाटणाचं, क्रीम आणि बाहेरचं कवच रात्रभर एकत्र राहिले की कवच मऊ पडतं. मिलफय वरून कापायला गेलात तर क्रीम चारी बाजूंनी बाहेर येतं. तो आडवा करून कापा.

शाकाहारी असाल तर

अंडं न खाणाऱ्यांना इथे फारशी सोय नाही. क्रोसाँवर चकाकीसाठी अंडं लावतात, एक्लेरचं तर पीठच अंड्याचं. पॅरिससारख्या शहरात प्राणिज पदार्थ न वापरणाऱ्या काही बेकऱ्या आहेत, त्या शोधून ठेवा. अंडं चालत असेल तरी मूसच्या (फेटून हलक्या केलेल्या क्रीमच्या) थरांच्या केककडे जाताना जिलेटीन आहे का ते विचारा. ते बऱ्याचदा डुकराचं असतं. बोर्दोच्या 'कानले' नावाच्या छोट्या केकात आणि पाकात भिजवलेल्या 'बाबा' नावाच्या केकात रम असते.

उरले तर

कागदी पिशवीतच ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो, फ्रिजमध्ये तो चामट होतो. दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवून, बाहेर काढून आणखी दोन-तीन मिनिटं थांबलात की कवच परत कडक होतं. मायक्रोवेव्हमध्ये तो आधी लिबलिबीत आणि मग रबरासारखा होतो. जास्त दिवस ठेवायचा तर ताजा असतानाच फ्रीझरमध्ये टाका.

मुंबई-पुण्यातही आता क्रोसाँ मिळतो. तिथेही हेच: सकाळी घ्या, लोणी आहे की वनस्पती तेलाचं मार्गारीन ते विचारा, आणि पिशवीचा तळ बघा. पावसाळ्यात दमट हवेने तासाभरातच कवच नरम पडतं, त्यामुळे घरी नेऊन खायचा असेल तर खाण्याआधी ओव्हनची ती चार मिनिटं द्याच.