डिस्क १०० टक्के भरली? आधी काहीही पुसू नका

अंबड-सातपूर एमआयडीसीतली काही वर्कशॉप आणि पिंपळगाव, दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाउस, यांचे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर मी सांभाळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पॅकहाउसमधून फोन आला की मला धास्ती असते ती एकाच वाक्याची: "ताई, लेबल निघत नाहीयेत, डिस्क फुल दाखवतंय." न्हावा-शेव्याला जाणारा कंटेनर दारात उभा असतो, आणि अशा घाईत माणूस सरळ आरएम, म्हणजे फाइल पुसायची कमांड, मारून मोकळा होतो. ते करू नका. कुठे काय भरलंय हे कळायला दहा मिनिटं लागतात. पुसलेला हिशेब मात्र परत मिळत नाही.

कमांड मी फोनवर सांगते तशाच इथे लिहिते आहे. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगेन.

रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मुख्य यूजर, म्हणून लॉगिन करा. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, त्यामुळे बाकी सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तुम्हाला आत काम करता येतं. मग "डीएफ -एच" द्या आणि नेमकं कोणतं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कोणता भाग, भरलंय ते बघा. जागा शिल्लक दिसते तरी फाइल बनत नाही, असं असेल तर "डीएफ -आय". तिथे १०० टक्के दिसले तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) संपलेत, म्हणजे कुठेतरी लाखो बारीक फाइली साठल्या आहेत.

पार्टिशन कळलं की "डीयू -एक्सएच -डी १" आणि पुढे त्याचा मार्ग; कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दिसेल. यातला एक्स विसरू नका, नाहीतर डीयू दुसऱ्या डिस्कांवरही फिरून येतं आणि आकडे फसवतात. सगळ्यात मोठा फोल्डर धरा, त्यात शिरा, पुन्हा तेच.

खरा घोळ होतो तो डीएफ आणि डीयूचे आकडे जुळत नाहीत तेव्हा. मला दोनच कारणं सतत भेटतात.

पहिलं, कुणीतरी मोठी लॉग फाइल (प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती) पुसली, पण ती लिहिणारा प्रोग्राम चालूच आहे. लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे फक्त नाव गेलं; प्रोग्रामने ती उघडी धरली आहे तोवर जागा सुटत नाही. "एलएसओएफ +एल१" द्या, यातला एल कॅपिटल. पुसलेल्या पण उघड्या फाइली आणि त्या धरून बसलेले प्रोग्राम दिसतील. ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, जागा लगेच मोकळी होते. म्हणूनच चालू लॉग कधी पुसायचा नाही. रिकामा करायचाच असेल तर "ट्रंकेट -एस ०" आणि फाइलचं नाव.

दुसरं कारण आपल्याकडे फार. लाइट जाते, सर्व्हर परत सुरू होतो, पण बॅकअपची यूएसबी डिस्क माउंट होत नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली जात नाही. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, नोफेल लिहिलेलं असलं की सर्व्हर तिच्यावाचूनही उठतो. रात्रीचा बॅकअप मग त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच, पडत राहतो. नंतर कुणी यूएसबी डिस्क जोडली की ते सगळं तिच्याखाली झाकलं जातं आणि डीयूला दिसतच नाही. बघायचं असेल तर एक रिकामा फोल्डर करा आणि "माउंट --बाइंड", मग एक तिरकी रेघ (/), मग त्या फोल्डरचा मार्ग द्या. झाकलेलं सगळं तिथे दिसेल. खरा बॅकअप यूएसबी डिस्कवर आहे याची खात्री करूनच तिथला झाकलेला बॅकअप तेवढा काढा, आणि काम झालं की यूमाउंट करा. बॅकअप स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच "माउंटपॉइंट -क्यू" ने तपासणी घाला. डिस्क नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे.

तातडीने थोडी जागा हवी असेल तर "एपीटी क्लीन" आणि "जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम" सुरक्षित आहेत; यातला शेवटचा एम कॅपिटल. पोस्टग्रेस वापरत असाल तर पीजी_वॉल फोल्डरमधलं काहीही हाताने पुसू नका, ते कितीही फुगलेलं असो. त्या फाइली लॉग नाहीत, तुमचा डेटाबेस त्यांच्यावर उभा आहे. मायएसक्यूएलचे बिनलॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) सुद्धा डेटाबेसच्या आतून, पर्ज बायनरी लॉग्जनेच काढायचे. आवृत्ती ८.० मध्ये ते मूळ सेटिंगने ३० दिवस राहतात. छोट्या डिस्कला तेवढे जड जातात.

सर्व्हर परत चालू झाला की लॉगरोटेटचं, म्हणजे जुने लॉग आपोआप बाजूला करून काढून टाकायचं, काम त्याच दिवशी उरका. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या लॉगसाठी ईटीसीमधल्या लॉगरोटेट.डी फोल्डरमध्ये छोटी फाइल लागते: डेली, रोटेट ७, कॉम्प्रेस, मिसिंगओके. लेबलची सॉफ्टवेअर बहुधा लॉग स्वतःहून नव्याने उघडत नाहीत, त्यांना कॉपीट्रंकेट लावा. त्यात आधी लॉगची पूर्ण प्रत बनते आणि मग मूळ फाइल रिकामी होते, म्हणजे तेवढी जागा रिकामी हवी, आणि अधल्यामधल्या चार ओळी हरवू शकतात. लेबलच्या लॉगला मला ते चालतं. "लॉगरोटेट -डी" आणि फाइलचा मार्ग दिलात की काहीही न बदलता नुसता अंदाज दिसतो.

हे सगळं छाटणीच्या काळातच, पॅकहाउस शांत असताना करून ठेवा. एलएसओएफही तेव्हाच इन्स्टॉल करा, कारण भरलेल्या डिस्कवर ते उतरवायला जागा नसते. आणि डिस्क ८५ टक्के भरली की मेल पाठवणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. तो मेल मालकाला नको, तुम्हाला यायला हवा.