पॉलिटिकल सायन्सची पदवी: डिपॉझिट भरण्याआधी मांडायचा हिशेब

मुलानं किंवा मुलीनं अमेरिकेत पॉलिटिकल सायन्स घ्यायचं ठरवलं असेल तर विषयावरून वाद घालू नका. विषय चांगला आहे. पैशांचा हिशेब मात्र १ मेच्या आत, कुठल्याही कॉलेजचं डिपॉझिट भरण्याआधी, कागदावर मांडा आणि मुलाला शेजारी बसवून मांडा. फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरलाच असेल, त्यावर लिहीत नाही. एच-फोरवरच्या (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज मिळत नाही, त्यांच्या पालकांनी सरळ पगाराच्या भागाकडे जावं.

सगळ्या कॉलेजांची मदतीची पत्रं समोर ठेवा. वर्षाच्या एकूण खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा, बाकी काहीही नाही. वर्क-स्टडी म्हणजे मुलानं काम करून मिळवायचे पैसे. आणि कर्ज ही मदत नव्हे, पत्रात ते मदतीच्या मथळ्याखाली छापलेलं असलं तरी. तळाशी शिल्लक शून्य दिसली तर खूश होऊ नका, वरच्या ओळी वाचा. त्यात पेरेंट प्लस घातलंय का? हे फेडरल कर्ज आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं. आमच्या मोठीच्या वेळी आम्ही फक्त तिच्या नावावरचं कर्ज मोजलं, आमच्या नावावरचं मांडायचं राहिलं. आता धाकट्याची पत्रं आली आहेत, म्हणून हे लिहून काढतेय.

मग शिक्षण खात्याची कॉलेज स्कोअरकार्ड ही वेबसाइट उघडा आणि थेट विषयापर्यंत जा. पूर्ण कॉलेजच्या आकड्यात इंजिनिअर आणि नर्सही येतात, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. विषयाच्या पानावर कर्जाचा मधला आकडा दिसेल. तो बघून बऱ्याच पालकांचा जीव भांड्यात पडतो. तो एवढा कमी का, ते समजून घ्या. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दर वर्षी ७,५०० डॉलरपर्यंतच मिळतं. चार वर्षांचे होतात २७,०००. कॉलेज कितीही महाग असो, मुलाच्या नावावरचं फेडरल कर्ज चार वर्षांत सहसा याच्या वर जात नाही. वरचे पैसे घरातून जातात किंवा तुमच्या नावावर चढतात, आणि तुमच्या नावावरचे त्या आकड्यात धरलेले नसतात. खासगी कर्जही धरलेलं नसतं. तेव्हा कागदावर दोन रकाने पाडा, एक मुलाचा, एक आईवडिलांचा, आणि दुसरा रकाना रिकामा असेल तर तो खरंच शून्य आहे की भरायचा राहिलाय, हे एकमेकांना विचारा.

पेरेंट प्लसचा व्याजदर २०२५-२६ साठी ८.९४ टक्के आहे, मुलाच्या कर्जाचा ६.३९. शिवाय त्यावर ४.२२८ टक्के शुल्क आधीच कापतात: २०,००० घेतले तर साधारण ८४५ डॉलर वजा होऊन हातात येतात आणि व्याज पूर्ण २०,००० वर लागतं. पैसे वाटल्या दिवसापासून लागतं, पदवीची वाट बघत नाही. मंजुरी देताना तुमचं उत्पन्न बघत नाहीत, फक्त क्रेडिटचा इतिहास फार वाईट नाही ना एवढंच बघतात. मंजूर झालं म्हणजे झेपेल असा अर्थ काढू नका. १ जुलै २०२६ पासून नव्यानं घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आहे. ६५,००० सुद्धा याच दरानं दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ८२० डॉलरच्या आसपास हप्ता बसतो. मुलाच्या २७,००० चा हप्ता तीनशेच्या जरा वर. कुठला मोठा आहे बघा. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा तुमचं वय किती असेल, तेही त्याच रकान्यात लिहा. पाठोपाठ दुसरं मूल कॉलेजला जाणार असेल तर रकाना दुप्पट.

"नोकरी लागली की मीच फेडीन" असं मूल मनापासून म्हणतं. पण कायद्यानं कर्जदार तुम्हीच राहता. ते सरकारी नोकरीत लागलं तरी सार्वजनिक सेवेची १२० हप्त्यांनंतरची कर्जमाफी तुमच्या कर्जाला त्याच्या नोकरीवर मिळत नाही. नोकरी कर्जदाराची बघतात.

आता पगार. कॉलेज स्कोअरकार्डवर विषयाच्या पानावर पगाराचाही मधला आकडा असतो. मधला म्हणजे निम्मी मुलं त्याच्या खाली. त्यात फक्त फेडरल मदत घेतलेली, नोकरी करणारी आणि त्या वेळी पुढे शिकत नसलेली मुलं असतात. या विषयातली बरीच मुलं लॉ स्कूलला जातात, शिकत असेपर्यंत ती मोजणीत नसतात. पदवीनंतर कितव्या वर्षाचा पगार आहे हेही वाचा. कामगार आकडेवारी खात्याच्या पानावर पॉलिटिकल सायंटिस्टचा पगार लाख डॉलरच्या वर दिसेल, तो घेऊ नका. तशा जागा देशभरात काही हजार, आणि त्यांना साधारणपणे मास्टर्स किंवा पीएचडी लागते. नुसत्या पदवीवर काँग्रेस सदस्यांची कार्यालयं, प्रचार मोहिमा, स्वयंसेवी संस्था, पॅरालीगलची कामं, नाहीतर जीएस-५ या पगारश्रेणीतली केंद्र सरकारी नोकरी. मार्क उत्तम असतील तर जीएस-७. या कामांचे सुरुवातीचे पगार शोधून मुलाच्या हप्त्यासमोर मांडा. तुमच्या हप्त्यासमोर तुमचा पगार. त्याचा नाही.

इंटर्नशिपशिवाय या क्षेत्रात शिरकाव अवघड, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या एका उन्हाळ्याचं भाडं धरा. व्हाइट हाउसनं २०२२ मध्ये मानधन द्यायला सुरुवात केली, पण सगळीकडे मिळतंच असं नाही.

लॉ स्कूल ठरलेलं असेल तर पदवीचं कॉलेज स्वस्त घ्या. ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद, लॉसाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,०००, एकूण २,००,०००. वकिलांचे सुरुवातीचे पगार दोन टोकांना साचलेले असतात, मोठ्या फर्मचा पगार गृहीत धरू नका. पीएचडी फी भरून करू नये.

कमी पडलं तर कॉलेजला पुनर्विचाराचं पत्र लिहा, दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून. देऊ केलेलं कर्ज पूर्ण घ्यावं लागत नाही, रक्कम कमी करून मागता येते. जास्त आलंच तर पैसे मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत परत करा, तेवढ्यावरचं व्याज आणि शुल्क माफ होतं.