अकरावीत संस्कृत, चित्रकला आणि नाटक: तिन्हींची एकच वही

अकरावी आर्ट्सला संस्कृत आणि चित्रकला घेतलेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्याजवळ तीन वह्या असतात. एक संस्कृतची, एक ड्रॉइंगची आणि एक एकांकिकेच्या तालमीची. मी सांगते, एकच वही करा. एक नाटक धरा. तेच वाचा, तेच काढा, तेच उभं करा.

शाकुंतल सात अंकांचं आहे, ते पुढे वाचालच. सुरुवातीला प्राचीन संस्कृत नाटककार भासाचं ‘ऊरुभंग’ घ्या, एकाच अंकाचं आहे. श्लोक आधी मोठ्याने म्हणा, मग संधी सोडवा, कर्ता-क्रियापद शोधून अन्वय लावा, म्हणजे शब्द सरळ वाक्याच्या क्रमाने मांडा. गाईड उघडायचं ते त्यानंतरच.

भीमाच्या गदेने मांड्या मोडलेला दुर्योधन रणभूमीवर पडलाय. छोटा दुर्जय येतो आणि नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला जातो. बाप त्याला अडवतो. इथे थांबा आणि पेन्सिल घ्या. नागपुरात बर्डीच्या बाजारातून न्यूजप्रिंटचे कागद आणा, 4बी पेन्सिलीने दोन-दोन मिनिटांची स्केचेस करा. चेहरा नको, फक्त भार बघा. पाय निकामी, म्हणजे सगळं वजन तळहातांवर येतं, खांदे वर चढतात, मान पुढे येते. कळत नसेल तर मित्राला फरशीवर बसवा, पाय न हलवता सरकायला सांगा आणि तो दमला की काढा.

हीच स्केचेस तालमीत भिंतीला लावा. दुर्योधनाने हात ताठ पुढे केला तर तो हुकूम वाटतो. कोपर दुमडलेलं राहिलं तर पोराला जवळ घ्यायची ओढही दिसते. मला दुसरं जास्त खरं वाटतं, पण तुम्ही दोन्ही करून बघा. शेवटी दुर्योधन प्रेक्षकांसमोरच प्राण सोडतो. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये हा संस्कृत नाटकाचा संकेत भासाने इथे मोडलाय. का मोडला असेल, यावर गटात भांडा.

भरताच्या नाट्यशास्त्र या ग्रंथातलं मध्यम आकाराचं नाट्यगृह 64 हात लांब, 32 हात रुंद. अर्धं प्रेक्षकांचं, अर्ध्यात रंगमंच आणि नेपथ्यगृह, म्हणजे नटांची तयार व्हायची खोली. हात साधारण दीड फुटाचा धरा, ग्राफ पेपरवर नकाशा काढा आणि कॉलेजच्या मैदानात चुन्याने आखा. मागच्या रांगेतल्याला कोपर दिसतं का, हे तिथेच कळेल.

वेशभूषा टीव्ही मालिकांवरून उचलू नका. आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, 1863 च्या त्या संग्रहालयात, नागपूर जिल्ह्यातल्या मांढळची वाकाटककालीन, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या शतकातली शिल्पं आहेत. वस्त्राच्या चुण्या, केसांची बांधणी, दागिने तिथे बघा. स्केच करण्याआधी परवानगी विचारा.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन वेळापत्रक बघा. कित्येक ठिकाणी संस्कृत आणि चित्रकलेचे तास एकाच वेळी असतात. नाटकाचा तर वेगळा तासच बहुधा नसतो, तिथे तालमीच कामी येतात.

‘पुढे काय?’ असं घरचे विचारतीलच. बीएफए या चित्रकलेच्या पदवीच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, स्मरणचित्र असतं, दोन मिनिटांच्या स्केचेसचा सराव तिथे उपयोगी पडतो. संस्कृतसाठी रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे, 1997 पासून. एखाद्या रविवारी आईबाबांना घेऊन एसटीने रामटेकला जा, ते विश्वविद्यालय त्यांना दाखवा आणि वहीही सोबत न्या.