अंगाला रुई फुटते तेव्हा: कपाशीच्या पट्ट्यातला भयपट

जनुकबदलावरचा भयपट खानदेशात करायचा तर पहिली अडचण प्रेक्षकाचीच. धरणगाव-शिरपूरकडच्या माणसानं वीस वर्षं बीटी, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली कपाशी, पेरलेली आहे. हिरव्या पाण्याच्या नळ्या आणि पांढऱ्या कोटातला वेडा शास्त्रज्ञ दाखवून तो घाबरत नाही. रावेर-यावलची केळीची उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपंही जनुक बदललेली नसतात, ती एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती असतात. संवादात एवढी गल्लत झाली तरी हशा पिकतो. म्हणून विज्ञान खरं ठेवा आणि थाप एकच मारा.

खरं काय, ते आधी पटकथेच्या पहिल्या पानावर लिहून काढा. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रात कहर केला. बीटीचं प्रथिन अळीच्या अल्कलीयुक्त आतड्यात सक्रिय होतं, आतड्याच्या भिंतीला चिकटतं आणि तिला भोकं पाडतं. बीटीला न जुमानणाऱ्या, प्रतिकारक अळीत ही चिकटायची जागाच बदललेली असते. माणसाचं जठर आम्लाचं, आणि तशी जागाही आपल्यात नाही. त्यामुळे सरकीचं तेल खाऊन गाव पिसाळलं, ही कथा नको.

आता थाप. कपाशीचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांबत गेलेली. पांढऱ्या माशीनं वनस्पतीचं एक जनुक स्वतःत घेतल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. बोंडअळीनं तंतूचं जनुक उचललं आणि ते जिनिंगमधल्या, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यातल्या, कामगाराच्या कातडीत उतरलं, एवढंच खोटं बोला. बाकी सगळं शेतातलं.

पहिला धक्का बोंडाचाच ठेवा. कोवळ्या बोंडात शिरताना अळीनं पाडलेलं छिद्र बुजून जातं, त्यामुळे कैरी, म्हणजे न फुटलेलं हिरवं बोंड, बाहेरून ठणठणीत दिसते. ही भीती प्रेक्षकाच्या ओळखीची आहे. चित्रीकरण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, तेव्हा किडकी बोंडं आयती मिळतात. मालकाला विचारून चाळीस-पन्नास कैऱ्या तोडा. कुठलीत अळी आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून कमी तोडल्या तर दिवस वाया. मोबाइलच्या भिंगापुढे घड्याळजीचं दहापट भिंग चिकटवा, मोबाइल तिकाटण्यावर पक्का बसवा आणि माणसाला अंगठ्यानं कैरी हळू फोडू द्या. हात हलला की फोकस जातो, म्हणून कोपर टेबलावर टेकवा. काम झालं की अळ्या रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. शेतात फेकून आलात तर पुढच्या वर्षी मालक उभा करणार नाही. काळ दाखवायला कामगंध सापळा वापरा, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग ही धोक्याची पातळी शेतकऱ्याला माहीत असते. तुमच्या तिसऱ्या रात्री सापळा तोंडापर्यंत भरलेला दिसला की संवादाची गरज उरत नाही.

अंगावरची रुई हे सगळ्यात जिकिरीचं काम. औषधाच्या दुकानातला कापूस घेऊ नका. तो धुऊन पांढराफेक केलेला असतो आणि पडद्यावर ड्रेसिंगसारखा दिसतो. जिनिंगमधली पिवळसर झाक असलेली रुई पाव किलो आणा. दोन तारेच्या ब्रशांमध्ये ओढून तंतू एका दिशेला करा आणि तीन सेंटीमीटरच्या बारीक बटा कापा. बटा चिकटवायला द्रव लेटेक्स, म्हणजे कातडीवर वाळून पडदा होणारं पातळ रबर, लागतं. आधी त्याचा ठिपका कोपराच्या आत लावून चोवीस तास थांबा. लाल चट्टा उठला तर त्या नटाला लेटेक्स नाही. डोळे आणि ओठ सोडा, लेटेक्समध्ये अमोनिया असतो. हातावरच्या लवेला पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात द्या, नाहीतर काढताना केस उपटून येतात. जास्त लावलीत तर लेटेक्स धरणार नाही, आणि डोक्याला तेल थापून आलेल्या नटाच्या कपाळावरही नाही, कारण तेलानं लेटेक्स सुटतं.

स्पंजानं पातळ थर द्या, पांढऱ्याचा पारदर्शक झाला की फाडलेला एकपदरी टिश्यू पेपर, वर दुसरा थर. तो ओला असतानाच बटेचं फक्त टोक रोवा, तिरकं. अख्खी बट दाबलीत तर गॅदरिंगमधल्या ऋषीची दाढी होते. मुळाशी चहाचं पाणी आणि गुलाबी रंगाची एक रेघ, म्हणजे अळीची आठवण राहते.

रुई उगवताना दाखवायची तर शॉट उलटा घ्या. लेटेक्सच्या पातळ पडद्याला दाभणानं भोकं पाडा, बटांना खालून दोरे बांधा, कॅमेरा चालू ठेवून त्या सावकाश आत ओढा आणि संकलनात उलटं चालवा. कातडीखाली नस धडधडायला हवी असेल तर ठिबकची चार मिलिमीटरची मायक्रोट्यूब आणि वीस मिलीची सिरिंज पुरते. रंगीत पाणी आतबाहेर ओढत राहा.

प्रकाशाला जनरेटर आणू नका, आवाज खाऊन टाकतो. फवारणी पंपाची बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाची बॅटरी बारा वॉटची एलईडी पट्टी सहा-सात तास सहज चालवते. पट्टी नटाच्या मागे धरा, तंतूंच्या कडा उजळतात. समोरून उजेड टाकलात तर सगळं दूध सांडल्यासारखं दिसतं. धुक्यासाठी मात्र जुना पंप वापरू नका, कितीही धुतला तरी औषध उरतं. नवी कोरी टाकी घ्या. आणि रुई अंगावर असलेल्या नटाच्या आसपास काडी, बिडी, उदबत्ती काही नको.

आवाज स्वयंपाकघरात मिळतो. भाजलेल्या वांग्याचं भरीत लाकडी भांड्यात ठेचताना माइक जवळ धरा, तो कातडीच्या आतला आवाज. हाडांसाठी वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची काटकी, मोडा.

भाषा नकाशा बघून ठेवा. अमळनेर-धुळ्याकडचा शेतकरी अहिराणीत, "बोंडमा काय शे रे भो?" असं विचारेल, रावेर-फैजपूरकडचं पात्र लेवा गणबोली बोलेल.

मेकअप काढताना ओढू नका. कडेनं कोमट खोबरेल चोळा, दहा मिनिटं थांबा, लेटेक्स गोळा होऊन निघतं. त्यातली रुई दुसऱ्या दिवशी परत वापरता येत नाही, म्हणून बटा दुप्पट कापून ठेवा.